उणे अकरा अंशांवर

मोठ्या भाऊजींनी बाटलीत काडी बुडवली, टोकावरचा थेंब अंगठ्यावर उतरवून घेतला आणि तर्जनीने तो सावकाश घासायला सुरुवात केली. घासताना त्यांनी डोळे मिटले. गॅरेजमध्ये ते असं करायला लागले की चालते हातोडे थांबत. इथे थांबण्यासारखं काही नव्हतं. टेबलापलीकडे त्यांची धाकटी भावजय गॅसपाशी उभी होती आणि पातेल्यातल्या चहाला उकळी येत होती.

"हे," ते डोळे न उघडता म्हणाले, "दमदार आहे. बोट उचलवत नाही."

मग दुसऱ्या बाटलीतला थेंब. या वेळी डोळे लगेच उघडले.

"आणि हे पाणी. नुसतं पाणी."

तिने चहा गाळला. कप त्यांच्यासमोर ठेवताना बशीचा आवाज होऊ दिला नाही.

अकरा वर्षांनी ते या घरात आले होते. येताना आणलेला बिस्किटांचा पुडा त्यांच्या कोपराशी पडून होता. दोन्ही बाटल्यांना चिकटपट्टी लावून वर पेनाने लिहिलेलं होतं. एकीवर पन्नास. दुसरीवर दहा डब्ल्यू तीस, पण घाईत डब्ल्यूचा एम झाला होता.

"काय आहे, मास्तरीणबाई," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, पेट्रोलची वाफ वर जात नाही, खाली साचते, असं तिने त्यांना भरल्या ताटावर सांगितलं होतं. तेव्हापासून ती मास्तरीणबाई. "डेअरीच्या आठ गाड्या मिळाल्यात. नव्याकोऱ्या. घाटावरच्या गावांतून दूध आणायचं, पहाटे पाचला निघायचं. पण त्यांच्या मॅनेजरबाई फार चिकित्सक. म्हणतात, थंडीत कुठलं तेल घालणार ते रसायनातलं कळणाऱ्या माणसाने माझ्यासमोर सांगू दे, मग वर्षाचं काम देते. मी म्हटलं, लांब कशाला जायचं? घरातच माणूस आहे."

"घरातच," ती म्हणाली.

"मग? रंगाच्या कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळता तुम्ही. दाट-पातळ तुम्हाला नाही कळायचं तर कुणाला?" त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला. "माझ्याकडे पन्नासची तीन पिंपं पडून आहेत. आणि तो विक्रेता हे नवीन गळ्यात मारायला बघतोय. दहा ते तीस! परीक्षेचे गुण आहेत की काय? दहा काय नि तीस काय, दोन्हीकडून नापासच. पन्नासवाला निदान अर्ध्यापर्यंत तरी पोचला."

ते स्वतःच हसले. तीही हसली. हसू चेहऱ्यावर किती वेळ ठेवायचं ते तिला ठाऊक होतं.

पहिला आकडा थंडीतला असतो आणि दुसरा तापलेल्या इंजिनातला, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिने ते तिथेच राहू दिलं.

"शनिवारी सकाळी येते गॅरेजवर," ती म्हणाली. "बाईंना तेव्हाच बोलवा. बाटल्या ठेवून जा. तपासून सांगते."

"तपासायचं काय त्यात?"

"तपासलं का म्हणून विचारलं तर हो म्हणता यायला हवं ना, भाऊजी."

ते त्यांना पटलं. उठताना त्यांनी टेबलावर हात टेकला, गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. दारात चपला घालता घालता, आठवलं म्हणून सांगतोय अशा सुरात ते तिच्या नवऱ्याबद्दल म्हणाले, "हे काम मिळालं की छोट्याला परत बोलावीन म्हणतो. पार्किंगच्या फाटकावर किती दिवस दांडा वर-खाली करणार? स्टोअर सांभाळेल. हत्यारांपासून लांब, म्हणजे त्यालाही बरं आणि गाड्यांनाही."

तिने दार लावलं. कप विसळला, मग साबण लावून घासला, मग पुन्हा एकदा घासला.

*

अकरा वर्षांपूर्वी पहिल्या कडक थंडीच्या सकाळी शाळेची एक बस चढावर बंद पडली होती. गाडी कशीबशी सुरू झाली होती, दोन मैल गेली होती, आणि इंजिन जाम झालं होतं. बसवाल्याचं सगळं त्या एका बसवर होतं. तो गॅरेजमध्ये आला तेव्हा रडत नव्हता, ओरडतही नव्हता. त्याने फक्त विचारलं, तेल कुणी भरलं. चार-पाच माणसं उभी होती. मोठ्या भाऊजींनी हात पुसत उत्तर दिलं होतं, "छोट्याने. पातळ भरलं त्याने. मी बघायला हवं होतं, चूक माझीच."

ते शेवटचे दोन शब्द तिला सगळ्यांत जास्त लागले होते. त्यामुळे त्यांचा मोठेपणाही राहिला आणि नाव मात्र दुसऱ्याचं गेलं.

तेल भरलं गेलं त्या संध्याकाळी तिचा नवरा घरी अंथरुणात होता. एकशे दोन पॉइंट सहा. ताप तिने स्वतः मोजला होता, तीन वेळा, आणि वेळेसकट लिहून ठेवला होता. बस ओढून आणली त्या दिवशी गॅरेजच्या परातीत निथळलेलं तेल तिने मुरांब्याच्या बरणीत भरून नेलं आणि प्रयोगशाळेत मोजलं. पातळ नव्हतं. भलतंच दाट होतं. चांगलं पन्नास नंबरचं, उन्हाळ्यातलं. थंडीत ते घट्ट झालं, पंपाने ओढलं नाही, आणि इंजिन कोरडं फिरत राहिलं. ज्यांच्या बोटांना दमदार तेलाशिवाय काही आवडत नाही अशा माणसाने ते भरलं होतं.

ती वही घेऊन नवऱ्यासमोर बसली होती. त्याने आकडे वाचले, वही मिटून तिच्याकडे दिली आणि म्हणाला, "राहू दे."

पुढच्या महिन्यात त्याने गॅरेज सोडलं. दुसऱ्या कुठल्या गॅरेजने त्याला ठेवलं नाही. इंजिन घालवणारा म्हणून तो सगळ्यांना माहीत झाला होता. आता तो पार्किंगच्या फाटकावर बसायचा आणि संध्याकाळी स्वच्छ नखांनी घरी यायचा. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्या नखांतल्या काळ्या रेषांवरून ती त्याच्याशी भांडली होती. आता ती त्याच्या हातांकडे बघत नसे.

तिला एकच वाक्य हवं होतं. त्या दिवशी तेल मी भरलं होतं. मोठ्या भाऊजींच्या तोंडून, गॅरेजमध्ये, माणसांसमोर. अकरा वर्षांत तिने ते कसं मिळवायचं याचे अनेक मार्ग मनात आखले होते आणि प्रत्येकात कुठे ना कुठे चूक सापडली म्हणून खोडले होते. आज ते स्वतः दोन बाटल्या घेऊन आले होते.

नवरा आला तेव्हा त्याने आधी पुडा बघितला, मग बाटल्या.

"दादा आला होता?"

"कशावरून?"

"ही बिस्किटं अजून तोच आणतो." त्याने पुडा फोडला. एक बिस्कीट तोंडात टाकत एका हाताने पन्नासची बाटली उचलली, आडवी केली, उभी केली. आतला हवेचा बुडबुडा सावकाश वर चढला. मग दुसरी. तिच्यातला बुडबुडा पटकन वर गेला. "घाटातल्या गाड्या आहेत का?"

"हो. सोमवारपासून."

"मग ही," त्याने दुसरी बाटली तिच्यासमोर ठेवली. "सांगून टाक त्याला. उगाच छळू नकोस."

"शनिवारी सांगणार आहे. डबा जड असेल. तू स्कूटरवरून सोडशील?"

त्याने चावणं थांबवलं. तिच्याकडे बघितलं. "फाटकापर्यंत सोडीन," तो म्हणाला.

*

सोपा मार्ग होता. पन्नास चालेल म्हणायचं आणि घरी यायचं. बाकीचं काम हवामानाने केलं असतं. एकाऐवजी आठ इंजिनं. गुरुवारी दिवसभर तिने हा मार्ग मनात फिरवून बघितला, आणि खरं सांगायचं तर बघताना तिला बरं वाटलं. पण गाड्या घाटात बंद पडल्या तर पहाटेच्या अंधारात चालक कुडकुडले असते, आणि त्या चालकांनी तिचं काही घेतलं नव्हतं. शिवाय इंजिन जाम झालं की त्याची कारणं दहा निघतात. त्या दहांतलं एक निवडून दुसऱ्याच्या अंगावर टाकण्यात मोठे भाऊजी वाकबगार होते. तिला असं काही हवं होतं ज्याचं दुसरं कारणच निघणार नाही.

रंगाचे डबे थंडीत प्रवासात गोठतात का ते बघायला प्रयोगशाळेत एक शीतपेटी होती. शुक्रवारी सकाळी तिने हवामानखात्याचा अंदाज बघितला. सोमवार, पहाट, घाटमाथा: उणे अकरा. तिने पेटीचा काटा उणे अकरावर लावला. उणे वीसवर नेला असता तर तमाशा जास्त रंगला असता. पण मग ते खोटं झालं असतं, आणि खोट्याने तिचं काम भागणार नव्हतं. दोन सारख्या परीक्षानळ्या, अर्ध्यापर्यंत तेल, बूच. मध्ये तापमापक.

संध्याकाळी निघायच्या आधी तिने दार उघडून दोन्ही नळ्या आडव्या केल्या. मनातल्या मनात पाच मोजले. मग दोन्ही परत उभ्या करून ठेवल्या.

"काय गं, बढती मिळाली का?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं. "एकटीच हसतेस ती."

"नाही. एक जुनं काम होत आलंय."

*

शनिवारी नऊ वाजता गॅरेजचं मोठं दार पूर्ण उघडलेलं होतं. आठ पांढऱ्या गाड्या दोन रांगांत उभ्या होत्या, पुसून चकचकीत. माणसं चारच. मोठे भाऊजी धुतलेल्या डांगरीत. डेअरीच्या मॅनेजरबाई, लोकरीची टोपी कानांवर ओढलेल्या, हातात चाव्यांचा जुडगा. वेल्डिंग करणारा, ज्याला सगळे ठिणगी म्हणत. आणि काका, गॅरेजमधले सर्वांत जुने मिस्त्री, जे बसवाला आला त्या दिवशीही याच जागी उभे होते. शनिवारी काका हमखास असतात म्हणूनच तिने तो दिवस निवडला होता.

नवऱ्याने स्कूटर फाटकाबाहेर लावली, बर्फाचा डबा उचलून दाराच्या आत टेकवला आणि दोन पावलं मागे जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. काकांनी त्याला बघून हात वर केला. त्यानेही केला.

"या, मास्तरीणबाई, या!" भाऊजी मॅनेजरबाईंकडे वळले. "ही आमच्या छोट्याची बायको. रसायनात पदवी. आमच्या घरात एवढी शिकलेली हीच."

"तपासलंत?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"तपासलं. पण आधी भाऊजींनी सांगावं. त्यांच्या बोटांचं नाव आहे."

ते खुलले. ठिणगीने पन्नासच्या पिंपातला आणि विक्रेत्याच्या नमुन्यातला असे दोन थेंब आणून दिले. अंगठा, तर्जनी, मिटलेले डोळे.

"हे," ते म्हणाले. "पन्नास. पस्तीस वर्षं ही बोटं चुकलेली नाहीत, बाई."

"आणि तुमचं?" मॅनेजरबाई तिच्याकडे वळल्या.

तिने डब्याचं झाकण काढलं. बर्फ आणि मिठाच्या लगद्यात दोन नळ्या आणि तापमापक उभे होते. "हे वाचाल का जरा?"

मॅनेजरबाईंनी चष्मा वर केला. "उणे अकरा."

"सोमवारी पहाटे घाटमाथ्यावर एवढंच असणार आहे. मी एक अंशही खाली नेलेलं नाही."

तिने पहिली नळी काढून एका रिकाम्या वाडग्यावर तिरकी केली. तेल क्षणभर थांबलं, मग गार मधासारखी धार धरून वाडग्यात उतरलं. "हे दहा-तीस."

मग तिने दुसरी नळी काढली. "भाऊजी, हात पुढे करा."

प्रात्यक्षिकाची सवय असलेला माणूस. त्यांनी तळहात पसरला. तिने बूच काढलं आणि नळी त्यांच्या तळहातावर पालथी केली.

काही पडलं नाही. तेल काचेला धरून जागच्या जागी होतं, वरचा भाग चाकूने कापल्यासारखा सपाट. ते हात पसरून उभे होते. तिने पाच मोजले. मग आणखी पाच. हात मागे घ्यावा की नाही ते त्यांना कळत नव्हतं, आणि तिने त्यांना ते कळायला मदत केली नाही.

"दादा, थांबा अजून," ठिणगी म्हणाला. "उन्हाळ्यापर्यंत येईल खाली."

मॅनेजरबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी तोंडावर हात धरला. काकाही हसले नाहीत. ते नळीकडे बघत होते, आणि मग दाराकडे, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाकडे.

"बोटांची चूक नाही, भाऊजी," ती म्हणाली. आवाज तिने मुद्दाम मऊ ठेवला होता. "माणसाचं बोट बाराही महिने गरमच असतं. तेल बोटावर घेतलं की तेही गरम होतं. त्यामुळे तुमच्या बोटांना थंडी कधी कळलीच नाही. पस्तीस वर्षांत एकदाही नाही."

त्यांनी हात खाली घेतला आणि डांगरीला पुसला, जरी त्याला काही लागलं नव्हतं.

"गाड्यांमध्ये आत्ता काय आहे?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

ठिणगीने पिंपांकडे बोट दाखवलं. "पन्नास. गुरुवारीच भरलं आठही गाड्यांत. दादा म्हणाले, मास्तरीणबाई काय, हो म्हणायलाच येणार आहेत."

हे तिच्या गणितात नव्हतं. ते आयतं मिळालं.

"दूधवाल्यांचे कॅन आज दुपारी चढवायचे आहेत," मॅनेजरबाई म्हणाल्या. "तीनपर्यंत आठही गाड्या माझ्या आवारात पाहिजेत. हे तेल काढून, ते भरून. नाही जमलं तर तसं सांगा. दुसरं गॅरेज आहे."

"दहा-तीस दोन गल्ल्या सोडून मिळतं," ती म्हणाली. "आठ गाड्यांना पुरेल एवढं आहे त्यांच्याकडे. मी विचारून ठेवलंय."

तिने मनात हिशोब मांडला. इंजिन थोडं तापवायचं, निथळू द्यायचं, फिल्टर बदलायचा, भरायचं. एका गाडीला एका माणसाचे दोन तास. सोळा तास. काकांचा उजवा हात थरथरत होता, ठिणगी वेल्डर होता, भाऊजींचे गुडघे वाकत नव्हते. तीन वाजेपर्यंत ते पाच गाड्यांपलीकडे जाणार नव्हते. कदाचित चार. इतकं तंतोतंत तिने स्वतःही आखलं नसतं.

आणि आता, सगळे समोर असताना, ती तिच्या वाक्याकडे वळली.

"एकच विचारते, भाऊजी. शाळेच्या बसमधलं तेल मी त्या वेळी मोजलं होतं. वही घरी आहे, हवी तर आणते. पातळ नव्हतं ते. हे होतं." तिने नळी त्यांच्या चेहऱ्यासमोर धरली. तेल अजूनही तळाशी चिकटून होतं. "कुणी भरलं होतं?"

मॅनेजरबाईंना बस माहीत नव्हती, पण त्यांनीही चाव्यांचा आवाज बंद केला. काकांनी मान खाली घातली. भाऊजींचे ओठ हलले. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. त्या गार सकाळी, उघड्या दारापाशी, तो तिला स्पष्ट दिसला आणि तिने तो डोळे भरून बघितला. एक, तिने मोजलं. दोन. तीन.

तिच्या मागून कुणीतरी गेलं.

नवऱ्याने कोट काढून पहिल्या गाडीच्या आरशाला अडकवला होता. तो बाह्या सारत होता. भिंतीशी उभी करून ठेवलेली चाकांची फळी त्याने पायाने ओढली, तिच्यावर पाठ टेकली आणि डोकं गाडीखाली घालत म्हणाला, "काका, तेवढी गाडी सुरू करा पाच मिनिटं. आणि ठिणगी, पळ. दहा-तीस आण, फिल्टर आठ. तेच माप बघून आण, नाहीतर परत पळशील."

ठिणगी एकदा दादाकडे आणि एकदा गाडीखालच्या पायांकडे बघून पळाला. काका चालकाच्या जागी चढले. इंजिन सुरू झालं. मॅनेजरबाईंनी घड्याळ बघितलं आणि चाव्या टेबलावर ठेवल्या.

ती नळी हातात धरून उभी होती. तिला चार म्हणायचं राहून गेलं होतं.

"अरे," ती वाकून म्हणाली, "तू फाटकापर्यंत येणार होतास."

"तीन वाजता गाड्या पाहिजेत ना?" गाडीखालून उत्तर आलं. "पाना तेरा नंबरचा कुठे ठेवतोस रे, दादा?"

पहिल्यांदा ते हललेच नाहीत. मग हत्यारांच्या फळीकडे गेले. पाना शोधायला त्यांना नको तेवढा वेळ लागला. परत आले तेव्हा तिच्यासमोरून जाताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. गाडीपाशी त्यांनी पाना खाली वाकून द्यायचा प्रयत्न केला, गुडघे वाकेनात. एका हाताने बंपर धरून ते आधी एका गुडघ्यावर आले, मग कुशीवर, आणि धुतलेल्या डांगरीसकट जमिनीवर आडवे होऊन पलीकडच्या बाजूने गाडीखाली सरकले. आता बाहेर पायांच्या दोन जोड्या दिसत होत्या, वेगवेगळ्या दिशांना.

काकांनी इंजिन बंद केलं. आवाज थांबला तसा गॅरेजमध्ये सगळं ऐकू येऊ लागलं. पान्याचा करकर आवाज, परात सरकवल्याचा आवाज, मग तेलाची जाड धार.

"छोट्या," मोठे भाऊजी म्हणाले. आवाज गाडीच्या पोटाखालून घुमून आला. "त्या दिवशी ते तेल..."

ती एक पाऊल पुढे झाली. वाकली.

"बोलू नकोस," नवरा म्हणाला. "तोंडात तेल जाईल."